जंगल मोजायचं कुठल्या मापानं?

भारतातून पहिल्यांदाच क्वालालंपूरला येणारा पाहुणा विमानाच्या खिडकीतून खाली बघतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "केवढी झाडी आहे हो तुमच्याकडे!" विमानतळाच्या आजूबाजूला दूरवर हिरवंगार दिसतं, ते खोटं नाही. पण जरा नीट पाहिलं की त्या हिरव्यात सरळ रेषा दिसायला लागतात. एका जातीची, एका वयाची झाडं, रांगेत उभी. ती तेलमाडाची लागवड असते. पामतेलाच्या उत्पादनात मलेशिया इंडोनेशियाच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर, आणि जगात सगळ्यात जास्त पामतेल विकत घेणारा देश भारत. म्हणजे ती झाडी पाहुण्याच्या ओळखीचीच असते, फक्त याआधी त्यानं ती फरसाणाच्या रूपात पाहिलेली असते.

तेलमाड म्हणजे जंगल नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खरी अडचण पुढे आहे. ज्या जंगलातून दरवर्षी लाकूड काढलं जातं, बुलडोझर फिरतात, ओंडक्यांचे ट्रक भरून बाहेर जातात आणि तरीही ज्याला 'शाश्वत व्यवस्थापन असलेलं जंगल' असं प्रमाणपत्र मिळतं, ते खरोखर जंगल म्हणून टिकलंय का, हे कसं ठरवायचं? छापील कागदाच्या रिमवर किंवा फर्निचरच्या दुकानातल्या टेबलाखाली झाडाच्या आकाराची एक छोटी खूण असते, बरोबरच्या चिन्हासारखी. ती एफएससीची, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलची खूण. तिच्यामागे नेमकं काय मोजलेलं असतं?

हा प्रश्न मला पडला त्याला माझा धंदाही थोडा कारणीभूत आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रत्येक यंत्रणेचा एक डॅशबोर्ड असतो आणि त्यावर हिरवे-लाल दिवे असतात. सगळे दिवे हिरवे आणि तरीही ग्राहकाला लॉगिन होत नाही, हा प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिलेला आहे. दिवा खोटं बोलत नसतो. त्याला जे मोजायला सांगितलं तेच तो मोजत असतो. जंगलाच्या बाबतीतही उपग्रहाच्या चित्रातला हिरवा रंग हा असाच एक दिवा आहे.

मलेशियाच्या साबा राज्यात, बोर्निओ बेटावर, किनाबतांगान नदीच्या खोऱ्यात डेरामाकोट नावाचं राखीव जंगल आहे. क्षेत्रफळ सुमारे ५५ हजार हेक्टर. आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र याच्यापेक्षा थोडंसं मोठं भरेल. १९५० च्या दशकापासून १९८९ पर्यंत इथं नेहमीच्या धाटणीची तोड चालली, म्हणजे मोठं दिसेल ते पाडा आणि ओढून न्या. १९८९ मध्ये साबाच्या वनखात्यानं जर्मनीच्या तांत्रिक मदतीनं तोड थांबवली, नव्यानं आराखडा केला आणि १९९५ पासून वेगळ्या पद्धतीनं लाकूड काढायला सुरुवात केली. १९९७ मध्ये एफएससीचं प्रमाणपत्र मिळालं. सर्वाधिक काळ प्रमाणित राहिलेलं उष्णकटिबंधीय वर्षावन म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. त्यामुळे जगभरच्या संशोधकांनी मोजण्याची जितकी हत्यारं शोधली, त्यातली बरीचशी इथं वापरून पाहिली गेली.

मी तिथं गेलो ते मामांबरोबर. मामा वनखात्यातून निवृत्त झालेले, उभी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानात. दोन महिने आमच्याकडे राहायला आले होते. जुळे मनोरे आणि बाटू गुंफा झाल्यावर त्यांना काय दाखवावं ते सुचेना, तेव्हा म्हटलं, चला, जंगलच दाखवतो. बोर्निओतल्या संदाकानहून काही तास गाडीनं आत जायचं. रात्री उघड्या जीपमधून प्राणी बघायला येणारे पर्यटक तिथं असतातच. मामांचं लक्ष मात्र प्राण्यांवर नव्हतं. रस्त्याकडेच्या झाडाला ठोकलेली नंबरची पट्टी दिसली आणि ते तिथंच थांबले. "अरे, हे तर आमचंच काम! आम्ही हातोडा मारायचो, हे पट्टी ठोकून राहिले."

मोजण्याचं हे काम जुनं आहे. 'शाश्वत' या कल्पनेचा आजच्या अर्थानं पहिला लेखी उल्लेख सापडतो तो १७१३ मध्ये, सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांच्या ग्रंथात. हे गृहस्थ वनअधिकारी नव्हते, खाणखात्याचे होते. चांदीच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, म्हणून त्यांनी लिहिलं की जेवढं उगवतं तेवढंच तोडा. मोजायचं होतं ते सरपण. पुढे १८५६ मध्ये बॉन शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिश ब्रँडिस ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानाचे अधीक्षक झाले. ते हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेषेत जात आणि घेरानुसार सागाचे वर्ग पाडून दिसेल त्या झाडाची खूण बांबूच्या काठीवर चाकूनं करत. दिवसाअखेर खाचा मोजायच्या. याच ब्रँडिसना १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक नेमलं गेलं. आपल्याकडची कार्य आयोजना, कूप, ठरावीक वर्षांचं आवर्तन, हे सगळं त्या परंपरेतलं. गंमत अशी की ब्रँडिस जन्मले बॉनला, वारले बॉनला, आणि आज एफएससीचं मुख्यालयही बॉनलाच आहे.

या सगळ्या काळात मोजली गेली ती एकच गोष्ट: लाकूड. किती घनमीटर उभं आहे, किती घनमीटर दरवर्षी वाढतं, किती काढलं. उत्पन्न कायम राहिलं की जंगल नीट आहे असं समजायचं. मामांचा हिशेब अजूनही तोच. त्यांना एखादा साग दाखवा, छातीच्या उंचीवरचा घेर ते नजरेनं सांगतील आणि बल्लारशाच्या डेपोत त्याला काय भाव येईल तेही सांगतील. सागवानासारख्या एका जातीच्या लाकडासाठी हे माप चालून जातं. डेरामाकोटमध्ये ते चालत नाही. बोर्निओच्या सखल वर्षावनात एका हेक्टरात झाडांच्या शंभराहून जास्त जाती सहज सापडतात. सगळ्यांवर मान काढून उभी असतात ती डिप्टेरोकार्प कुळातली झाडं, म्हणजे मध्य भारतातल्या सालाची भावकी. साबातल्याच दानुम खोऱ्यात या कुळातलं शंभर मीटरहून उंच झाड उभं आहे. ही झाडं दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षांच्या अंतरानं, पुष्कळदा एल निनोच्या कोरड्या काळानंतर, सगळी एकदम फुलतात आणि एकदम फळतात. मधल्या वर्षांत बी जवळजवळ नसतंच. त्यामुळे चुकीच्या वेळी मोठी झाडं काढली तर पुढच्या पिढीचं बीच जमिनीवर पडलेलं नसतं, आणि घनमीटरच्या वहीत ते पुढची कित्येक वर्षं दिसत नाही.

वहीतलं हे भगदाड जगाच्या लक्षात यायला १९८९ साल उजाडलं. डंकन पूअर या ब्रिटिश वनशास्त्रज्ञानं उष्णकटिबंधातल्या लाकूड देणाऱ्या जंगलांची देशोदेशी पाहणी केली. खरोखर शाश्वत म्हणता येईल असं क्षेत्र एक टक्काही भरलं नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, योकोहामाच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेनं उद्दिष्ट ठेवलं की २००० सालापर्यंत व्यापारातलं सगळं लाकूड शाश्वत जंगलातलंच असेल. २००० साल आलं आणि गेलं, उद्दिष्ट काही गाठलं गेलं नाही. पण या धावपळीत एक काम झालं. 'निकष आणि निर्देशक' ठरवायला सुरुवात झाली. निकष म्हणजे जंगलाकडून काय अपेक्षित आहे, आणि निर्देशक म्हणजे ते होतंय की नाही हे कशावरून ओळखायचं. १९९३ मध्ये एफएससी स्थापन झाली. भारतातही भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकारानं आठ निकष आणि ४३ निर्देशकांची यादी तयार झाली. मामांनी ती नोकरीत असताना पाहिली होती. "४३ रकाने भराचे होते. साहेब म्हणे, आज संध्याकाळपर्यंत पाठवा." यावर मी काही बोललो नाही. असले रकाने आमच्या धंद्यातही असतात.

डेरामाकोटमध्ये तोड कशी होते ते आधी सांगतो, कारण काय मोजायचं ते त्यावर अवलंबून आहे. जंगलाचे १३५ भाग पाडलेत आणि आवर्तन ४० वर्षांचं. म्हणजे दरवर्षी मोजक्याच भागांची पाळी, आणि एकदा तोड झालेल्या भागात पुन्हा ४० वर्षं कुऱ्हाड नाही. पाळी आलेल्या भागातलं तोडण्याजोगं प्रत्येक झाड आधी नकाशावर येतं. छातीच्या उंचीवर ६० सेंटीमीटरपेक्षा बारीक खोड तोडायचं नाही आणि १२० सेंटीमीटरपेक्षा जाडही नाही, कारण जाड झाडं ही बियाणं देणारी आईझाडं. प्राणी ज्यांच्या फळांवर जगतात ती झाडं राखायची. तीव्र उतार आणि ओढ्याकाठ वगळायचा. झाड कुठल्या दिशेला पडेल हे आधी ठरवायचं, त्याला बांधून ठेवणारे वेल आधी कापायचे, आणि बुलडोझरनं आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे शेवटचं ऐकून मामा हसले. आखलेल्या वाटेवरून जाणारा बुलडोझर त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

या पद्धतीला 'कमी आघाताची तोड' म्हणतात. ती वापरली तर किती फरक पडतो? याचं सुरुवातीचं उत्तर साबातूनच आलं, आणि त्याला पैसा पुरवला तो अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या एका वीज कंपनीनं, १९९२ मध्ये. तिचा हिशेब सरळ होता: बोर्निओत तोडताना कमी झाडं मोडली तर तेवढा कार्बन जंगलातच राहील, तो आमच्या खात्यावर जमा करा. मिशेल पिनार्ड आणि फ्रान्सिस पुट्झ या संशोधकांनी १९९६ मध्ये आकडे मांडले. तोडीनंतर वर्षभराच्या आत नेहमीच्या पद्धतीच्या जंगलात मूळच्या जैवभाराचा सुमारे ४४ टक्के भाग उरला होता, कमी आघाताच्या जंगलात सुमारे ६७ टक्के. फरक मोठाच आहे. फक्त यात एक गोम आहे. कमी आघाताच्या भागातून लाकूडही कमी काढलं गेलं होतं, दर हेक्टरी १५४ ऐवजी १०४ घनमीटर. म्हणजे वाचलेल्या कार्बनातला काही भाग पद्धतीमुळे वाचला आणि काही निव्वळ कमी तोडल्यामुळे. संशोधकांनी हे लपवलेलं नाही, पण जाहिरातीच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा कुणी छापत नाही.

आता पुन्हा हिरव्या दिव्याकडे. तोडीत मोठं झाड पडलं की छपराला भोक पडतं आणि जमिनीवर ऊन येतं. त्या उन्हात सगळ्यात आधी धावून येतं ते मॅकारांगा. आपल्या सह्याद्रीत चांदाडा म्हणून जे मोठ्या ढालीसारख्या पानांचं झाड रस्त्याकडेला उगवतं, ते याच प्रजातीगटातलं. मॅकारांगा भराभर वाढतं, भराभर पानं काढतं, आणि उपग्रहाला अतिशय हिरवं दिसतं. नुसता हिरवेपणा मोजला तर उद्ध्वस्त झालेलं जंगल काही वर्षांतच 'सुधारलेलं' दिसायला लागतं. मामांना हे पटेना. समोरच्या दाट झाडीकडे हात करून म्हणाले, "काऊन रे, हे तर हिरवंगार दिसून राहिलं, मग याला खराब काऊन म्हणतात?" मी त्यांना म्हटलं, मामा, सागाचं कूप तोडल्यावर तिथं नुसती घाणेरी माजली, तर तुम्ही त्याला जंगल वाढलं म्हणाल का? मग एकदम कळलं.

क्योटो विद्यापीठाचे कानेहिरो कितायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर जो मार्ग काढला, तो मला प्रोग्रामर म्हणून फार आवडला. हिरवेपणा मोजायचाच नाही. जंगलात ठिकठिकाणी नमुना भूखंड आखायचे, त्यातली प्रत्येक खोडाची जात नोंदवायची, आणि मग कधीच न तोडलेल्या जंगलातल्या भूखंडांशी त्या यादीची तुलना करायची. यादी जितकी अस्पर्श जंगलाच्या जवळ, तितकं जंगल सुस्थितीत. मॅकारांगा आणि त्याचे भाईबंद जितके जास्त, तितकं अंतर वाढलेलं. या अंतराचा एक आकडा निघतो. मग लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातले रंगछटांचे बारकावे त्या आकड्याशी जुळवायचे, आणि जिथं भूखंड नाहीत तिथलाही अंदाज बांधायचा. उपग्रह तोच, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला. डेरामाकोटला लागूनच तांगकुलाप नावाचं जंगल आहे. तिथं जुन्या पद्धतीची तोड जास्त काळ चालली होती, पुढे तेही प्रमाणित झालं. शेजारी-शेजारी, पाऊस सारखा, भूतकाळ वेगळा. त्यामुळे दोन्हींची तुलना करता येते, आणि झाडांच्या यादीत आणि साठवलेल्या कार्बनात डेरामाकोट वरचढ ठरतं.

झाडं निदान जागेवर उभी असतात. प्राणी मोजणं हे त्याहून कठीण. जंगलात झाडं शाबूत आहेत पण शिकारीमुळे प्राणीच उरले नाहीत, अशा जंगलासाठी केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये 'रिकामं जंगल' हा शब्द वापरला. ते रिकामपण कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी झाडाला बांधलेले कॅमेरे लागतात. डेरामाकोट आणि तांगकुलापमध्ये बर्लिनच्या लायबनिट्स संस्थेच्या आंद्रेआस विल्टिंग आणि सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. बोर्निओतल्या मांजरकुळातल्या पाचही जाती तिथं कॅमेऱ्यात आल्या. लाकूड काढल्या जाणाऱ्या जंगलात पाचही! हे ऐकून आपण खूश होतो, आणि तिथंच थोडं थांबायला हवं.

एक तर, कॅमेऱ्यात न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. समजा, प्राणी त्या भागात नक्की आहे, पण एका आठवड्यात तो कॅमेऱ्यासमोरून जाण्याची शक्यता दहात एक. दहा आठवडे कॅमेरा ठेवला तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के उरते. म्हणून आता नुसते फोटो मोजत नाहीत. किती वेळा दिसला आणि किती वेळा दिसला नाही, या दोन्हींवरून 'दिसण्याची शक्यता' आधी काढतात आणि मग 'असण्याची'. ज्यांच्या अंगावर पट्टे-ठिपके असतात त्यांना एकेकटं ओळखताही येतं. या बाबतीत भारत मागे नव्हता. नागरहोळेच्या वाघांचे पट्टे कॅमेऱ्यानं वाचून त्यांची घनता काढण्याचं काम उल्हास कारंत यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केलं होतं.

आणि दुसरं, कुठला प्राणी निवडला यावर निकाल फिरतो. लेपर्ड कॅट हे ठिपकेदार, घरच्या मांजराएवढं रानमांजर. त्याची घनता काढली तेव्हा डेरामाकोटमध्ये शंभर चौरस किलोमीटरला सुमारे १० मांजरं भरली, आणि जास्त नासलेल्या तांगकुलापमध्ये सुमारे १६. म्हणजे हे मांजर निर्देशक म्हणून धरलं असतं, तर वाईट तोडलेलं जंगल पास आणि चांगलं जंगल मागे! ते मांजर मोकळ्या, विस्कटलेल्या जागी सुखानं राहतं, इतकाच त्याचा अर्थ. परीक्षेला कुठला विद्यार्थी बसवायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. आमच्या कंपन्यांमधल्या तिमाही लक्ष्यांचं याहून वेगळं काय असतं?

कॅमेऱ्याला न दिसणारे प्राणी शोधायला तिथं एक अफलातून युक्ती केली गेली आहे. जळवा गोळा करायच्या. जळू ज्या प्राण्याचं रक्त प्यायली असेल त्याचा डीएनए तिच्या पोटात बरेच दिवस टिकतो. हजारो जळवा जमवून प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए वाचला की आसपास कोण कोण हिंडून गेलं त्याची यादी मिळते, आणि कॅमेऱ्याची यादी तिच्याशी जोडता येते. डेरामाकोटमध्ये जळवा गोळा करण्यासाठी काही विशेष कष्ट करावे लागत नाहीत, आपण नुसतं उभं राहायचं. घोट्यावरची जळू काढता काढता मामा म्हणाले, "म्हणजे आता त्यांच्या यादीत चंद्रपूरचाही एक प्राणी येईल." खरंच येतो. अशा नमुन्यांत माणसाचा डीएनए मिसळतो आणि तो वेगळा काढावा लागतो.

इतकी उठाठेव कशासाठी, असं वाटत असेल तर ओरांगउटानचं बघा. ओरांगउटान जवळजवळ रोज संध्याकाळी झाडावर नवं घरटं करून झोपतो. हेलिकॉप्टरमधून ही घरटी मोजून मार्क आंक्रेनाझ यांच्या गटानं २००५ मध्ये अंदाज दिला की साबात सुमारे ११ हजार ओरांगउटान आहेत, आणि त्यातले ६० टक्क्यांहून जास्त संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, तोड झालेल्या जंगलांत राहतात. हा अंदाज एका छोट्या आकड्यावर उभा आहे: घरटं वाळून विस्कटून दिसेनासं व्हायला किती दिवस लागतात. तो आकडा दुप्पट धरला तर ओरांगउटान निम्मे होतात. पण ६० टक्क्यांची गोष्ट कुठल्याही गणितानं पुसली जात नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणात हा प्राणी मावत नाही. लाकूड देणारी जंगलं 'आता यात काही राहिलं नाही' असा शेरा मारून तेलमाडाला दिली, तर त्याचं घर गेलं. साबाच्या पूर्वेकडच्या सखल भागात हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. 'खराब जंगल' या दोन शब्दांची किंमत तिथं काय असते, ते रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना दिसतं.

आणि नेमक्या याच शब्दांवर शास्त्रज्ञांची मापं परस्परविरोधी निकाल देतात. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये साबाच्याच जंगलांवरचा एक अभ्यास आला. यादविंदर मल्ही आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला की झाडांनी तयार केलेल्या अन्नातली किती ऊर्जा पक्षी आणि सस्तन प्राण्यांपर्यंत पोचते. तोड झालेल्या जंगलात ती अस्पर्श जंगलाच्या सुमारे अडीच पट निघाली! कोवळी पानं, खाली आलेली फळं, किडे, सगळीच चंगळ. पुढच्याच वर्षी साबातल्या जंगलांवरचाच दुसरा अभ्यास आला. तोड झालेलं जंगल किमान दहा वर्षं कार्बन शोषण्याऐवजी हवेत सोडतच राहतं, कारण पडलेलं लाकूड आणि मोडलेली मुळं कुजत असतात. मग तोड झालेलं जंगल जिवंत की आजारी? दोन्ही निकाल बरोबर आहेत. पक्ष्याला विचारलं तर जंगल छान आहे, हवेला विचारलं तर नाही. एका आकड्यात उत्तर मागणाऱ्या माणसाला मात्र हे सांगून समाधान होत नाही, आणि पैसे देणारा माणूस बहुधा एकाच आकड्यात उत्तर मागतो.

सध्या तो आकडा म्हणजे कार्बन. कार्बनला बाजार आहे, भाव आहे, म्हणून त्याच्या मोजणीला लेसरची विमानं आणि अंतराळस्थानकावरची उपकरणंसुद्धा मिळतात. जळवांना बाजार नाही. युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी कायदाही मूळ प्रश्न विचारतो तो साधा: २०२० संपल्यानंतर या जागेवरचं जंगल गेलं का? त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, तरी मलेशियातले निर्यातदार आत्तापासूनच बागांचे अक्षांश-रेखांश जमवताहेत. जंगल साफ केलं हे अशा तपासणीत पकडलं जाईल. जंगल उभं आहे पण आतून बदललंय, हे पकडणं फार अवघड. मला विचाराल तर कार्बन एकटा कधीच पुरेसा नाही. झाडांच्या जातींची यादी आणि निदान दोन-तीन नाजूक प्राणी त्याच्या जोडीला नसतील, तर त्या प्रमाणपत्रावर मी स्वतः फार विसंबणार नाही. आणखी एक टोचणारी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या संस्थेचे पैसे तपासून घेणाराच देतो. डेरामाकोटमध्ये तर व्यवस्थापन वनखात्याचंच आहे. तरीही एक बाब त्यांच्या बाजूची: त्यांनी संशोधकांना दार उघडं ठेवलं, आणि लेपर्ड कॅटसारखे अडचणीचे आकडेही बाहेर आले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांनी तिथल्या वनरक्षकाला गाठलं. एकाची मलय, दुसऱ्याची नागपुरी, मध्ये माझी मोडकी मलय. मामांना एकच जाणून घ्यायचं होतं, "पहिल्या साली तोडलेल्या भागात पुन्हा कधी जाल?" त्यानं बोटं मोजली आणि सांगितलं, २०३५. आवर्तन ४० वर्षांचं, सुरुवात १९९५ ची. म्हणजे ज्या जंगलाला १९९७ पासून शाश्वत म्हटलं जातंय, त्याचं पहिलं आवर्तनसुद्धा अजून पुरं झालेलं नाही. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची, आवर्तन चाळीस वर्षांचं, आणि वरच्या थरातल्या झाडाचं आयुष्य काही शतकांचं. मामांनी यावर मान हलवली. त्यांनी लावलेल्या सागाची पहिली विरळणी त्यांनी पाहिली होती, शेवटची तोड पाहायला त्यांच्यानंतरचे चौथे-पाचवे साहेब असतील.

२०३५ मध्ये त्या भागात माणसं पुन्हा मोजपट्टी घेऊन शिरतील. मागे राखलेल्या झाडांपैकी किती ६० सेंटीमीटरच्या वर गेलीत, मधल्या वर्षांत बी कितीदा पडलं, खाली रोपं डिप्टेरोकार्पची आहेत की मॅकारांगाची, हे तेव्हा झाडागणिक कळेल. वनरक्षक म्हणाला, पट्ट्या गंजतात, म्हणून अधूनमधून बदलाव्या लागतात. मामांनी लगेच विचारलं, कशाच्या आहेत? ॲल्युमिनियमच्या लावा म्हणावं.